अकरा नावांपुढचा शेरा

चूक माझी आहे, हे आधीच लिहून टाकतो. अठरा वर्षं ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये काढली नाही, बायकोलाही कळू दिली नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय — आणि कुठून सुरू करावं तेच सुचत नाही.

आमचं गाव कारंज्याच्या वाटेवरचं. वाढता वाढता अर्धं शहर झालं. यंदा इथल्या जिल्हा परिषद शाळेची शंभरी भरली. मी मुख्याध्यापक, म्हणून स्मरणिकेत गावातल्या शाळांचा इतिहास मीच लिहिला. पहिला वर्ग मारुतीच्या पारावर भरला, मग कौलारू खोल्या आल्या, मग मुलींची शाळा, उर्दू शाळा — जुनी रजिस्टरं काढून सगळं मन लावून लिहिलं. तांड्यावरच्या शाळेला मात्र एकच ओळ दिली: 'विद्यार्थ्यांअभावी बंद.'

लिहिताना हात अडखळला नाही. इतकं अंगवळणी पडलं होतं का खोटं?

स्मरणिकेचे गठ्ठे आले, तेव्हा सुनीता हात पुसत आली. ती आमच्या शाळेत खिचडी शिजवते, त्याच तांड्यावरची. "आमच्या शाळेचं लिवलं का, गुरुजी? का फकस्त गाववाल्यायचंच?"

मी पान काढून दिलं. ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत तिनं वाचलं. दुसरीपर्यंत शिकलेली. तेवढं वाचायला मीच शिकवलं होतं, तांड्यावर मास्तर असताना.

"अभावी म्हंजे काय जी?"

"नसल्यामुळे."

ती हसली. "कोन नोतं? आमी तं होतो ना! अकरा जन. तुमीच तं मोजलं होतं."

ती रागावली नव्हती हो — ती मला छपाईतली चूक दाखवून राहिली होती.

मोजलं होतं. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला निघायचा. आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांची यादी आम्ही मास्तरांनी करायची, मग त्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय शाळेतच व्हायची. त्या वर्षी अकरा म्हाताऱ्यांनी संमतीच्या कागदांवर अंगठे उमटवले. कागद माझ्या पिशवीत होते. तेवढ्यात कमी पटाच्या शाळा बंद करायच्या म्हणून वरून पटाचा तक्ता मागवला — आणि मी अकराही नावांपुढे शेरा मारला: 'पालकांसोबत स्थलांतरित.'

का? शाळा मोडली की मला गावात बदली मिळणार होती. रोज फटफटीवर ती खडीची वाट तुडवायची नव्हती. एवढंच. माझी मुलगीही तेव्हा गावातल्या शाळेत दुसरीतच होती, सुनीतासारखी — हे तेव्हा मला दिसलं नसेल का?

शाळा मोडली. मुलांना हायवेपलीकडची गावची शाळा नेमून दिली. चार मुलगे आले. मुलगी एकही नाही. सुनीता पुढच्याच हंगामात आईबापामागे उसाच्या फडात गेली. मी बदलीचे पेढे वाटले.

वर मी 'चूक' म्हटलंय. पटाचा तक्ता भरताना चुकून काही होत नाही. मी मुद्दाम लिहिलं.

दोन दिवस कचरलो. तिसऱ्या दिवशी खिचडीच्या शेडमध्ये गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सोबतची बाई "अव माय!" म्हणून तोंडाला पदर लावून बसली. सुनीता तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मंग माह्या बुढीच्या अंगठ्याचा कागद कुठं गेला, गुरुजी?"

दुसरं काहीच विचारलं नाही तिनं.

मी हात जोडले. "फाडला मी. तू शाळेत होतीस, सुनीता — मीच तुले काढलं. मी तुहा गुन्हेगार आहो, बाई."