आमच्याकडे अर्थ दुसऱ्याने सांगायचा असतो

एसटी सुटायला पाच मिनिटं होती आणि आई अजून काही बोललेली नव्हती. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, "पोचलीस की फोन कर" दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायला काही उरलं नाही म्हणून गाडी कराडला किती वाजता पोचते ते कंडक्टरला विचारायला ते गेले. ती वेळ त्यांना पाठ आहे. तेव्हा आई खिडकीपाशी आली. मला वाटलं, नीट राहा, काकूला कामात हातभार लाव, असं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "वैशे, आता श्रावणात पोथी कुणी वाचायची गं?"

गाडी सुटली तेव्हा मी हात हलवला, पण तो प्रश्न माझ्याबरोबर थेट डोंबिवलीपर्यंत आला.

हे मी वाडीतल्या आणि वाडी सोडून इकडे आलेल्या माणसांसाठी लिहिते आहे. पण आमच्या वाचनगटातलेही वाचणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाटणच्या वर डोंगरात आमची वाडी आहे, वीस-पंचवीस घरांची. श्रावण लागला की रोज दिवेलागणीनंतर आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, पोथी बसते. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने अर्थ सांगायचा. वाचणारा चार-पाच ओव्या वाचतो आणि थांबतो. मग दुसरा त्याचा अर्थ सांगतो. ऐकणाऱ्या बाया "बरं" म्हणतात, की वाचणारा पुढे निघतो. वाचणाऱ्याने पदरचं काही बोलायचं नाही आणि अध्याय अर्धा सोडून उठायचं नाही. एकदा आमची म्हैस गोठ्यात अडली होती, तरी मी अध्याय संपवूनच उठले. रेडकू माझी वाट न बघता आधीच उभं राहिलेलं.

माझ्या आधी एक चुलत आजोबा वाचायचे. त्यांची नजर गेली तेव्हा मी सहावीत होते. तेव्हापासून वाचणारी मी, आणि अर्थ सांगणारी आधीपासूनच आई. आईला वाचता येत नाही. ती शाळेत गेलीच नाही. पण तिचा अर्थ ऐकायला खालच्या वाडीतल्या बाया चढ चढून यायच्या. वर्षाचे बाकीचे अकरा महिने आईला कुणी काही विचारत नाही. म्हैस विकायची का, माझं लग्न की कॉलेज, यातलं काहीच नाही. श्रावणात मात्र ती बोलायला लागली की सोपा गप्प होतो. एसटीच्या खिडकीशी तिने जे विचारलं ते पोथीबद्दल होतं, पण पोथी बसली नाही तर आईचा तो एक महिनाही जाणार होता. आणि तो माझ्यामुळे जाणार होता. आमच्या वाडीत धडाधड वाचता येणारं दुसरं कुणी आता राहत नाही. ज्यांना येतं ते सगळे इकडेच आहेत, कोपरला, कळव्याला, विठ्ठलवाडीला.

मी डोंबिवलीशेजारी कोपरला काका-काकूंकडे राहते आणि कॉलेज ठाण्याला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथे काय करायचं असतं ते सांगायला कुणी नव्हतं. मी लायब्ररीत जायला लागले, कारण तिथे बसलेलं कुणी हटकत नाही. पण तिथेही एक अडचण झाली. मला मनात वाचता येत नाही. म्हणजे येतं, पण काही शिरत नाही. मग मी पुस्तक घरी आणून गॅलरीत मोठ्याने वाचायचे. चार दिवसांनी काकू म्हणाली, "अगं, शेजारची वहिनी विचारत होती, तुमच्यात सत्यनारायण आहे का? म्हटलं, नाही गं बाई, पुतणी आलीय गावची, इकॉनॉमिक्स वाचते."

लायब्ररीतल्या मॅडमनीच मला ठाण्यातल्याच वर्तकनगरच्या वाचनगटाचं सांगितलं. दर रविवारी सकाळी एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत दहा-बारा जण जमतात. सध्या काय वाचताय ते सांगायचं, आवडत्या पुस्तकातलं थोडं वाचून दाखवायचं. निवृत्त शिक्षिका असलेल्या सुलभाताई गट चालवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. लोक पुस्तकांबद्दल असे बोलत होते जसे आमच्याकडे पाहुण्यांबद्दल बोलतात. हा मला पहिल्या भेटीत आवडला नव्हता, हिने फार वेळ घेतला, हा परत आला तर बरं होईल. माझी पाळी आली. "तुझं आवडतं पुस्तक कुठलं गं?" सुलभाताईंनी विचारलं. मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." सगळे हसले, पण चांगलं हसले.

दुसऱ्या रविवारी मी तयारीने गेले. लायब्ररीतून एक जुनी कादंबरी आणलेली. बाइंडिंग करताना तिचं नावाचं पानच गेलं होतं, त्यामुळे नाव मला आजही माहीत नाही. एका होडीवाल्याची गोष्ट आहे. तो जिथे लोकांना पार करतो तिथेच पूल बांधायला घेतात, आणि तो रोज त्या बांधणाऱ्यांनाच होडीतून नेतो-आणतो.

"आवडलेला भाग वाच," सुलभाताई म्हणाल्या. मी अध्यायाच्या सुरुवातीपासून सुरू केलं, कारण मधूनच सुरू करणं मला बरोबर वाटेना. एक परिच्छेद वाचला आणि थांबले. मान वर केली नाही, मला ती सवयच नाही. कुणीतरी म्हणालं, "वा, छान." मी पुढे वाचायला लागले. पुन्हा थांबले. "अच्छा, सुंदर," कुणीतरी म्हणालं. मी पुन्हा पुढे. असं किती वेळा झालं मला माहीत नाही. ते बिचारे मला संपवायला सांगत होते आणि मला वाटत होतं, ते "बरं" म्हणतायत. फक्त एकाच गोष्टीचं मला कोडं पडलेलं, की मध्ये कुणी अर्थ कसा सांगत नाही?

अध्याय संपला. मी पुस्तक मिटून कपाळाला लावलं आणि वर बघितलं. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्या समोर निखिल बसलेला, डोंबिवलीचाच, आयटीत काम करतो आणि फोनवर जाडजाड इंग्लिश रहस्यकथा वाचतो. तो म्हणाला, "अगं ए, अख्खा चॅप्टर? ऑडिओबुक आहेस का तू? माझा टर्न गेला ना यार!"

या वेळी हसले ते मला चांगलं वाटलं नाही. उठून जावं असं वाटलं, पण सुलभाताईंनी विचारलं, "बरं, आता तुझं मत सांग. तुला काय वाटलं?"

मी म्हटलं, "मी वाचणारी आहे. अर्थ आई सांगते."

आता कुणी हसलं नाही. बहुतेक त्यांना कळलंच नाही. मग मी अडखळत सगळं सांगितलं, सोपा, पोथी, थांबणं, बरं म्हणणं. निखिल पुढे सरकला. "मग तुझ्या आईने बरंच वाचलं असेल?"

"आईला वाचता येत नाही."

"मग अर्थ कुठून आणते?"

हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून मी फक्त पुढची ओवी बघत होते. घरी येताना मी आठवत राहिले. पोथी दरवर्षी तीच, पण आईचा अर्थ दरवर्षी तोच नव्हता. ज्या वर्षी मामा गेला त्या वर्षी तिने एका राजाचं दुःख असं सांगितलेलं की बाया पदर डोळ्याला लावून बसल्या. त्याच राजाला पुढच्या वर्षी ती मूर्ख म्हणाली. शब्द तेच होते. ते तर मीच वाचले होते.

श्रावण लागायला दोन दिवस होते. माझी इंटर्नल परीक्षा नेमकी श्रावणातच, त्यामुळे गावी जाणं शक्य नव्हतं. आई फोनवर म्हणाली, "ऱ्हाऊ दे यंदा. बायास्नी सांगते, सोपा शेणानं सारवलाय, वला हाय." सगळा महिना कुठला सोपा ओला राहतो? आई खोटं बोलत होती. मी गटाच्या व्हॉट्सॲपवर हे लिहिलं. खरं तर कुणाकडून काही हवं म्हणून नाही. निखिलचा लगेच मेसेज आला, "रेकॉर्ड करून पाठव ना. सिंपल."

मी काकूच्या बेडरूममध्ये दार लावून पहिला अध्याय रेकॉर्ड केला. आई जिथे अर्थ सांगते तिथे जागा सोडली. काकू बाहेरून ओरडली, "मध्येच गप्प होतीस, बरी आहेस ना?"

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "खालच्या वाडीच्या जनाक्काला बसवून बगितलं, न्हाई जमलं गं. मी सांगत आसते आन् तुजा आवाज पुढं पळतुया. त्यो फोन बंद करायचा, परत लावायचा, तर भलतीकडूनच सुरू. आन् ऐन शापाच्या टायमाला रिचार्जवाल्या बाईचा फोन आला. जनाक्का म्हणती, ही कोण नवी देवी?" ती हसली, मीही हसले. मग ती म्हणाली, "वाचणारानं थांबाया पायजे, वैशे. माज्या तोंडाकडं बघाया पायजे."

त्यानंतर तीन दिवस मी घरी पोथीचं विचारलंच नाही. विचारायची भीती वाटत होती. चौथ्या दिवशी आईनेच सांगितलं, "तुजं आबा वाचत्यात."

आबा चौथी शिकलेत. त्यांचं वाचन म्हणजे डेअरीची पावती आणि एसटीची पाटी. पोथीच्या वेळी ते बाहेर कट्ट्यावर बसायचे, म्हणायचे, "त्ये बायकांचं काम." आई म्हणाली, पहिल्या दिवशी बाया आल्या आणि सोपा वला हाय असं सांगायला तिचं तोंड उघडेना, तेव्हा आबा आत आले, चष्मा लावला आणि बसले. एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचतात. जोडाक्षर आलं की घाम पुसतात. एक अध्याय संपेपर्यंत जनाक्का घोरायला लागते. "पर ब्येस हाय," आई म्हणाली. "त्ये अडाकत्यात तितं मला इचार कराया येळ गावतो. तू लई भरभर वाचायचीस."

मला फार बरं वाटलं आणि थोडं टोचलंही. मी इतके दिवस समजत होते की माझ्यावाचून तिथे अडलंय. सात वर्षं मी भरभर वाचत होते आणि मला कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, आबांना फोन दे, एक ओवी ऐकू दे. त्यांना वाचताना मी कधी ऐकलेलंच नाही. फोन त्यांच्याकडे गेला. मग म्हणाले, "तू कालिजातली. तुज्याम्होरं मी काय वाचू? अभ्यास कर." आणि फोन ठेवला. त्यांचा वाचतानाचा आवाज कसा असेल हे मला अजून माहीत नाही.

पुढच्या रविवारी वर्तकनगरला जाऊ की नको, असं दोन दिवस चाललेलं. गेले. निखिलने माझ्यासाठी शेजारची खुर्ची ठेवलेली. म्हणाला, "आज आधी माझा टर्न. तुझा भरवसा नाही." माझी पाळी आली तेव्हा मी कादंबरीचा शेवट सांगितला. पूल होतो. ज्या दिवशी तो सुरू होतो त्या दिवशी होडीवाला होडी पलीकडे बांधतो आणि घरी यायला पुलावर चढत नाही. काठाकाठाने चालत जातो, दूरवर पाणी उथळ आहे तिथे नदी ओलांडतो आणि संध्याकाळी घरी पोचतो. पुस्तक तिथेच संपतं. एवढं सांगून मी थांबले. सवयच ती. सुलभाताईही काही बोलल्या नाहीत. मला कळलं की आता कुणी बोलणार नाही, हे माझंच आहे. मी म्हटलं, "मला वाटतं... म्हणजे चुकत असेन. पण तो रागावलेला नाही. त्याने काठ नेहमी पाण्यातूनच बघितला होता. त्याला आता तो चालून बघायचा होता." एक काकू म्हणाल्या, "मला नाही पटत." दुसरे एक काका म्हणाले, "मला पटतं." आणि ते दोघे पंधरा मिनिटं भांडले. माझ्या वाक्यावरून! मी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत बसले.

संध्याकाळी आईला ही गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकली, मध्ये दोनदा थांबवून होडीवाल्याला बायको होती का ते विचारलं. मग म्हणाली, "रुसला त्यो. दुसरं काय?"

आजवर आईच्या अर्थाला मी कधी उलट बोलले नव्हते. वाचणाऱ्याने बोलायचं नसतं. मी म्हटलं, "नाही गं आई, मला तसं नाही वाटत." आणि काठाचं सांगितलं.

"तू कवा होडी चालवलीस?"

"तू तरी कुठं चालवलीस?"

पलीकडे आई हसली. आबांना काहीतरी सांगितलं, तेही काहीतरी म्हणाले. आता बहुतेक रविवारी आमचं हे चालतं. मी काय वाचलं ते सांगते, ती तिचा अर्थ सांगते, मी माझा. कधी काकू पोळ्या लाटता लाटता तिसराच सांगते. घर सोडून आले तेव्हा वाटलं होतं, तिथली माझी जागा रिकामी राहील. ती राहिली नाही, आणि हे लिहिताना अजूनही थोडं दुखतं. पण आईशी मी जितकं आता बोलते तितकं तिच्या शेजारी बसून सात वर्षांत बोलले नव्हते. घर म्हणजे आता मला हे बोलणंच वाटतं.

त्या दिवशी वाद संपेना तेव्हा मी शेवटी म्हटलं, "आई, तो रुसला असं पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही."

आई म्हणाली, "लिवल्यालं न्हाई, म्हणून तर सांगाया लागतं."