उस्तादचा जॅक

त्या दिवशी उस्तादचा जॅक चांगला होता. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

उस्ताद म्हणजे आमच्या ब्रॉडबँड कंपनीचा वायरमन. कंपनी म्हणजे तरी काय, इतवारीत कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक मालक, संगणकापुढे मी आणि साऱ्या इतवारीच्या छतांवर उस्ताद. वायरीच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा जॅक असतो ना, नेटच्या डब्यात खटकन बसतो तो, तो बसवायचं काम त्याचं. तुमच्याही घरी असा कोणी येऊन गेला असेल. चप्पल दाराशी काढून, गिलासभर पाणी मागून, जिना चढून वर गेलेला. चेहरा आता आठवणार नाही तुम्हाला.

आमच्या उस्तादचा आठवला असता. वायरीतल्या रंगीत तारा तो नखाने सरळ करायचा, ओळीने लावायचा, जॅकमध्ये सारून चिमट्याने दाबायचा. मग जॅक उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून आरपार पाहायचा, खालच्या गल्लीतला सराफ खडा पाहतो तसा. शेवटी वायर खच्चून ओढायची आणि ग्राहकाला ऐकवायचं, "पाय गा, माह्या हातचा जॅक हाय. वायर तुटन, जॅक नाही सुटत." समोर बाई असली तर 'गा'च्या जागी 'वं'. बाकी तेच.

ग्राहकांची नावं त्याला कधीच ठाऊक नसत. "पापडवालीचं बंद हाय." "पोपटवाल्याकडे जाऊन येतो." मी वैतागून नाव विचारलं की म्हणायचा, "नाव तुह्या कम्प्युटरले पाहिजे भाऊ. मले छत पाहिजे."

जॅक आणि खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी एकाच खिशात. एकदा बोलण्याच्या नादात त्याने खर्रा म्हणून जॅकच तोंडात टाकला. सगळे हसलो. त्याने तो काढला, शर्टाला पुसला आणि उजेडाकडे धरून म्हणाला, "दात लागला, पण याले काही नाही झालं."

माझं काम खुर्चीतलं. नव्या ग्राहकाचं खातं उघडायचं, वेग ठरवायचा आणि एक आकडा भरायचा, पॅकेटच्या आकाराची मर्यादा. नेटवरून जे जातं ते लहान लहान पॅकेटांनी जातं. एक पॅकेट मोठ्यात मोठं केवढं असावं, तो हा आकडा. बहुतेकांना एकच चालतो. पण एखाद्याच्या वाटेत अरुंद टप्पा येतो. इतवारीतल्या बोळासारखं समजा, हातगाडी निघून जाते, टेम्पो अडकतो. त्या एकट्याच्या खात्यात आकडा आठवणीने कमी करावा लागतो. विसरलं तर नेट चालू दिसतं, बारीकसारीक निरोप जातात, आणि मोठं काही पाठवलं की नुसतं गरगर फिरत राहतं.

भांड्यांचे एक ठोक व्यापारी होते, शेठजी. त्यांच्या गोदामापर्यंत वायर जाईना, म्हणून आम्ही छतावरून छतावर डिश लावून जोडणी दिली. पलीकडे डिशपासून गोदामात वायर सोडून उस्तादने जॅक मारला. डिशची वाट अरुंद, म्हणजे आकडा कमी हवा. मी आदल्या ग्राहकाच्या खात्याची नक्कल केली, नाव बदललं आणि चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी शेठजींचा फोन. "नमस्ते चला जाता है, गंज का फोटो नहीं जाता! धंदा क्या नमस्ते पे करूँ?" गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं.

मालक हादरला. शेठजींच्या शब्दावर सारी भांडेओळ आमच्याकडे आली होती, त्यांच्या शब्दावर ती गेलीही असती. "कोणाची चूक?" त्याने विचारलं. मी मान वर न करता म्हणालो, "सेटिंग बरोबर आहे. जॅक पाहायला लावा." खराब जॅकनेही असंच होतं, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. मीही घेतली नाही. खातं उघडून पाहायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

उस्ताद गेला, जॅक उजेडाकडे धरला, ओढला, परत आला. "काहीच नाही झालं त्याले." फोटो अडकलेलेच. तो पुन्हा गेला. शेठजींनी भर गल्लीत त्याला सुनावलं, "उस्ताद, तुम्हारा जॅक नमस्ते का है, बर्तन का नहीं!" हमालसुद्धा हसले. इकडे मालकाने बजावून ठेवलं, "आज नाही जमलं तर उद्यापासून येऊ नको."

मे महिन्यातली दुपार होती. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून तो पुन्हा गोदामात गेला, आणि थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "भाऊ, जुना तोडला. नवा मारला. तू तिकडून एकदा बंद-चालू कर."

बंद-चालू करायला मी खातं उघडलं, आणि आकडा दिसला. माझ्याच हाताचा, कमी न केलेला.

मालक माझ्या पाठीमागे उभा होता. मी आकडा कमी केला, जोडणी तोडली, पुन्हा जोडली. फोनमधून शेठजींची आरोळी ऐकू आली, "गया! परात गई, गंज भी गया!"

उस्ताद मात्र हळूच म्हणाला, "म्हणजे जॅकच होता का गा, भाऊ?"

मी म्हणालो, "हो. जॅकच."

संध्याकाळी त्याने तोडलेला जॅक माझ्या टेबलावर ठेवला. "पाय ना, काय चुकलं यात? मले तर दिसून नाही राहिलं." मी तो उजेडाकडे धरला. साऱ्या तारा टोकापर्यंत गेलेल्या, ओळीने, एकीशेजारी एक. त्याच्यासारखा एक डोळा मिटून मी पाहण्याचं नाटक केलं आणि मालकाला ऐकू जाईल असं म्हणालो, "उन्हात होतं असं कधीकधी. जाऊ द्या." मालकाने जाऊ दिलं. तो जॅक परत खिशात टाकून उस्तादने जिन्यात माझा हात धरला. "तुह्यामुळे वाचलो गा."

त्यानंतर 'माह्या हातचा जॅक हाय' हे वाक्य त्याने कधी उच्चारलं नाही. एका जागी दोन दोन जॅक मारायचा, पहिला तोडून दुसरा. प्रत्येक छतावरून फोन यायचा, "भाऊ, बरोबर हाय ना? पाहून सांग ना." ऑफिसात चेष्टा सुरू झाली, "उस्ताद, आजचा नमस्तेवाला का बर्तनवाला?" तोही हसायचा. मीही हसत असे, हे इथे लिहायलाच हवं.

मग काचेच्या तारा आल्या, त्या जोडायचं यंत्र आलं. मालकाने त्याला शिकून घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "माह्या हाताचा आता भरोसा नाही." आणि कुहीकडच्या आपल्या गावी निघून गेला. भावांसोबत धानाची शेती होती, तिच्यात लागला.

आता दरवर्षी धान निघालं की कुहीच्या बसच्या कंडक्टरजवळ एक चुंगडी, पोतंच म्हणा, येते. नव्या तांदळाची. मी ती स्टँडवरून आणतो, बायको भात टाकते, घरभर वास सुटतो. "किती जीव लावतात तुम्हाला!" ती म्हणते. मी जेवतो.

यंदाही त्याचा फोन आला. "तांदूळ भेटला का गा?"

"भेटला उस्ताद. काय करून राहिले?"

"काही नाही, बसलो हाय ओसरीत. तो शेठजीवाला जॅक अजून हाय माह्याजवळ. डोळे गेले आता. काल सुनेले म्हटलं, तू पाय वं, काय चुकलं यात. तिलेही नाही दिसलं काही."

मी म्हणालो, "टाकून द्या ना आता तो."

"टाकतो कसा? चूक तर सापडू दे," तो म्हणाला, आणि हसला.

कुहीची बस सकाळपासून सुटत असते. मी तिच्यातून तांदूळ उतरवून घेतो, तिच्यात चढलो मात्र कधी नाही. आता जायला हवं. त्या जॅकमध्ये काहीच चुकलेलं नव्हतं, चुकलो मी, हे उस्तादला त्याच्या ओसरीत, त्याच्या सुनेसमोर सांगणं एवढं मी त्याचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.