लाईन आली का?

देवळाली प्रवराच्या शिवारात लाईन कशाला म्हणत नाहीत? रेशनच्या दुकानापुढे लाईन लागते, कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची लाईन लागते. कॅनॉलवरून पाण्याची लाईन आणली, असं चार माणसांत छाती काढून सांगतात. रंगुबाईचं माहेर पुणतांब्याचं, तिथं लाईन म्हणजे रेल्वेची. तिचा मुलगा अंगद कॉम्प्युटर लाईनला गेला आणि पुण्याचाच झाला. त्याला फोन लावावा तर बहुतेक वेळा लाईन बिझी.

पण वस्तीवर कुणी नुसतं 'लाईन' म्हटलं, की ती विजेची. आणि ती कुणाला विचारायची, तर रंगुबाईला.

तिचं घर डीपीला, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरला लागून. नवरा वायरमन होता. घरातला दिवा सिंगल फेजवरही लागतो, त्यावरून शेतातली मोटर चालेल की नाही ते कळत नाही. म्हणून त्याने पडवीत एका फळीवर तीन दिवे बसवले होते. तिन्ही लागले की थ्री फेज आली. तो होता तोवर बांधावर उभा राहून हाळी द्यायचा, "लाईन आलीऽऽ!" तो गेल्यावर रंगुबाई हाळी देऊ लागली. पुढे मोबाईल आले, मग तिने साऱ्या वस्तीला मिस्ड कॉल द्यायचा, असं ठरलं. लाईनीला उशीर झाला की उलटे फोन यायचे. "मावशे, आली का गं?" "आली की सांगते, जीव नको खाऊ!" पण दर फोनला तिचा चेहरा फुलायचा.

मग मोटरींना सिमकार्डवाले ऑटो स्टार्टर बसले. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते आणि मालकाच्या मोबाईलवर स्वतःच फोन करते. एकेका घरचा फोन यायचा बंद झाला. कुणी भांडलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

उरले फक्त सहादेव. ओढ्यापलीकडचे, तिच्या नवऱ्याच्या बरोबरीचे. त्यांना मिस्ड कॉल जमायचा नाही, ते फोन उचलायचेच. "आली व्हय? बरं. जेवलात का, वहिनी?" एवढंच. रंगुबाईचा दिवस त्या एका फोनवर निभायचा.

त्या आठवड्यात लाईनचं काही खरं नव्हतं. कुठंतरी खांब पडलेला. दोन दिवस दिवे लागले नाहीत, म्हणून फोन करायलाही कारण नाही. दोन दिवसांत ती कोंबड्यांशीच काय ते बोलली. अंगदला लावला, तो म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे." तिसऱ्या दुपारी तिने समोरच्या विझलेल्या दिव्यांकडे बघत सहादेवांना फोन लावला.

"भाऊजी, लाईन आली."

पलीकडून नुसतं, "बरं."

फोन ठेवला आणि मग तिच्या ध्यानात आलं. गुडघे धरलेला म्हातारा आता उन्हातान्हाचा मोटर सुरू करायला विहिरीवर जाणार. पुन्हा लावला, कुणी उचलेना.

थोड्या वेळाने सहादेव काठी टेकत तिच्याच दारात उभे. कपाळावरून घाम निथळत होता.

"कुठंय तुमची लाईन?"

रंगुबाईने पदर तोंडाला लावला. "चुकलं, भाऊजी. मला वाटलं..."

"दिवे तर इझलेत." ते ओट्यावर टेकले. "च्या टाका. एवढं चालत आणलंत म्हाताऱ्याला."

चहा होईपर्यंत ती चुलीकडून हललीच नाही. कप देताना म्हणाली, "विहिरीवर उगाच खेप झाली तुमची."

"विहिरीवर कोन गेलतं? माझ्या मोटरीला पन यंत्र बसवलंय नातवानं. पंधरा दिस झाले."

"मग रोज माझा फोन..."

"उचलत हुतो. तुमाला कशाला सांगायचं, म्हटलं."

"अन् आज ठावं असून आलात?"

"तुमी खोटं बोलनाऱ्या न्हाई. म्हटलं, बघून यावं." त्यांनी चहा बशीत ओतला. "आता वाटलं की नुसता फोन करा. लाईनचं नाव कशाला घ्यायचं?"

ते गेले. संध्याकाळी तिन्ही दिवे लागले. शिवारभर मोटरी आपसूक घुमू लागल्या. रंगुबाईने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. नुसता फोन म्हणजे काय बोलायचं? आजवर तिने लाईनवाचून कुणाला फोन केलाच नव्हता.

दोन दिवसांनी धीर करून लावला. सहादेवांच्या नातसुनेने, राजनंदिनीने उचलला.

"आजोबा झोपलेत, आजी. काही काम होतं का?"

"न्हाई गं, काम न्हाई."

"मग सांगू का काही?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी हसलं, भांडं पडलं. ती तशीच कानाला फोन लावून ऐकत राहिली.

"आजी? आहात ना?"

"हाय," ती म्हणाली. "उठले की म्हनावं, रंगुबाईचा फोन आल्ता."