तारेपलीकडे गेलेलं पाणी

सुशीलाइतका माझा जीव कोणीच जाळला नाही. चाळीस वर्षं मी सौंसर-पांढुर्ण्याच्या मंडईत, म्हणजे जत्रेतल्या नाटकांत, राजे उभे केले. शेवटच्या अंकात खलनायकाला शिक्षा झाली नाही, तर लोक मंडपाच्या बल्ल्या हलवायचे. तेव्हा न्याय म्हणजे काय, हे मला कळतं.

बोरगावच्या शिवारात, माझ्या शेताला लागून नाल्यापलीकडे तिची संत्र्याची बाग आहे. नवरा वारलेला. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळे घर ख्रिस्ती. बागेपर्यंत एकच गाडीवाट, तीही शेजारच्या वीरेंद्रच्या संत्राबागेच्या धुऱ्यावरून, बांधावरून. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिथे काटेरी तार ओढली आणि वाट आपल्या खसऱ्यात, आपल्या गट नंबरात आहे म्हणाला. तेव्हापासून सुशीला क्रेट डोक्यावर घेऊन नाला ओलांडते. तहसीलमधला तिचा अर्ज मीच लिहिला. नुसत्या तारखा पडतात.

या मे महिन्यात वीरेंद्रचा बोअर आटला. लिंबाएवढी फळं गळायला लागली. आसपास पाणी फक्त सुशीलाच्या बोअरला. मला वाटलं, आला शेवटचा अंक.

"तार काढल्याशिवाय थेंब देऊ नको," मी तिला सांगितलं. "कागदावर लिहून घे."

"पाइप तर सकाळीच टाकला, काका."

"काऊन?"

"झाडं सुकून राहिली त्याची."

"आणि वाट?"

"वाटेचं मी काही म्हटलं नाही."

"येडी झाली का तू? असा मोका पुन्हा येते का? हे तुले पाद्री शिकवते?"

"वैऱ्यावर बी माया कर म्हणते आमचा येशू."

"त्याची संत्र्याची बाग होती का?"

"सुतार होता तो. त्याले बी लोकायनं येडंच म्हटलं."

ती हसली. मी नाही हसलो.

संध्याकाळी वीरेंद्र धुऱ्यावर आला. आभार मानायला नव्हे. "सरळ बोला, सुशीलाबाई. तार काढायची म्हणून पाणी देऊन राहिल्या ना?"

"माझा अर्ज चालूच राहीन, वीरेंद्रभाऊ. पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही."

"मंग गावात मले भिकारी ठरवायचं आहे?"

"पाणी पुरते का, तेवढं सांगा."

त्यानं पाइपला लाथ मारली आणि निघून गेला. पाइप मात्र काढला नाही.

मोटारीला वीज दिवसाला सहाच तास. त्यातले दोन तास त्याच्या झाडांना जायचे. पाऊस येईपर्यंत हे चाललं. सुशीलाच्या खालच्या दोन ओळींतली फळं गळाली. मी ती ओंजळीत गोळा करून तिच्यापुढे धरली. ती झाडाखाली मटकन बसली.

"दुखते, काका," ती म्हणाली.

"मग काढ तो पाइप."

"नाही."

यंदाच्या तोडणीला वीरेंद्रच्या मालानं भरलेली गाडी हॉर्न वाजवत निघाली. तार जशीच्या तशी, एक खिळासुद्धा ढिला झालेला नाही. तो ट्रॅक्टरवर बसून सुशीलाला नाल्यात उतरताना पाहत होता. मला राहवलं नाही. मागच्या रांगेपर्यंत पोचायचा तो आवाज काढून मी विचारलं, "वीरेंद्र, संत्री गोड निघाली का रे? पाणी कोणाचं होतं?"

त्यानं मान फिरवली. तोडणीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

सुशीला नाल्यातूनच म्हणाली, "काका, तेवढं बोलू नका. दिलं ते दिलं."

इतक्या वर्षांनी मिळालेली टाळी, तीही या बाईनं काढून घेतली.

मी अजूनही म्हणतो, ती चुकली. पुढची तारीख लागली आहे. साहेबापुढे अर्ज मीच वाचणार, आणि खणखणीत वाचणार. तोवर ज्या डोक्यावर पत्र्याचा मुकुट मिरवला, त्यावर चुंबळ ठेवून मी रोज तिच्या संत्र्यांच्या दोन खेपा नाल्यापार नेतो. क्रेट अर्धाच भरलेला असतो, आणि पूर्ण वाट मी तिला बोल लावत असतो.