वहिनींच्या दोन रिंगा

वहिनी उद्याचं काम आज एकदा करून बघायच्या. सोमवारी ऑफिसात रुजू व्हायचं होतं, तर रविवारी बिबवेवाडीहून त्याच बसने त्याच स्टॉपपर्यंत गेल्या, बंद फाटकाला हात लावला आणि परत आल्या. वॉचमनने विचारलं, "काही हरवलंय का, मॅडम?" तर म्हणाल्या, "अजून नाही. हरवू नये म्हणून पाहून राहिले." हे त्यांनीच आम्हाला गंभीरपणे सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. आम्ही बावीस वर्षांचे होतो. हरवण्यासारखं आमच्याकडे होतंच काय?

खरं तर त्या आमच्यापैकी कुणाच्याच वहिनी नव्हत्या. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही तीस जण ट्रेनी म्हणून लागलो, त्यात लग्न झालेल्या त्या एकट्याच, म्हणून वहिनी. वय चौतीस, माहेर-सासर दोन्ही यवतमाळकडचं, आधी शाळेत गणित शिकवायच्या. नवऱ्याच्या कारखान्यात माणसं कमी करायला सुरुवात झाली आणि त्याचा नंबर कधी लागेल ते सांगता येईना, तेव्हा वहिनींनी संध्याकाळचा कॉम्प्युटर क्लास लावला. दोन हजार साल तोंडावर आलं होतं. जगभरच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करायला माणसं हवी होती आणि कंपन्या वय बघत नव्हत्या.

तीस जणांत मशीन आठ. आपली पाळी येईपर्यंत बाकीचे कँटीनमध्ये चहा ढोसत बसायचे. वहिनी कागदावर रकाने आखून अख्खा प्रोग्रॅम हातानेच चालवायच्या, ओळीमागून ओळ. "मशीन आपलं ऐकते, पण सांभाळून नाही घेत," असं म्हणायच्या. त्यांचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालायचा, आणि तरी त्या शेजारी उभ्या राहून मला विचारायच्या, "खरंच चालला ना रे? की चालल्यासारखा करून राहिला?" मग मलाही शंका यायची. त्यांची काळजी सर्दीसारखी होती, शेजारी बसलं की लागायची.

वर्षभरात आमच्यापैकी चौघांना, म्हणजे वहिनी, दिघे, शकील आणि मला, अमेरिकेत पाठवलं. ऐन डिसेंबरात आम्ही तिथे उतरलो आणि चार गावांत पांगलो. वहिनींची मुलगी गौरी तेव्हा सात वर्षांची. नवऱ्याची नोकरी गेली होती आणि तो कामाच्या शोधात बाहेरगावी असायचा, म्हणून ती आजीजवळ बिबवेवाडीत राहिली. घरच्या फोनवरून परदेशात फोन लागत नसे आणि वहिनी तिथून करायच्या तो महिन्यातून एकदा, घड्याळ समोर ठेवून. मधल्या आठवड्यांसाठी त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. दर रविवारी संध्याकाळी बरोबर आठला आजी आणि नात कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायच्या, वहिनींचा नंबर लावायच्या, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. दोन रिंगा म्हणजे इकडे सगळं ठीक. वहिनींनी फोन उचलला नाही, म्हणजे तिकडेही सगळं ठीक. बूथवाला अस्सल पुणेकर. "आजी, बोलायचं नसेल तर मंदिरातली घंटा वाजवा, ती जवळ पडेल," असं त्याने पहिल्याच रविवारी ऐकवलं होतं. पण रोखलं कधी नाही.

एप्रिलमध्ये आम्ही चौघांनी माझ्याकडे शनिवार-रविवार जमायचं ठरवलं. दिघे आणि शकील एका गाडीतून आले. वहिनी आठ तासांचा बसप्रवास करून आल्या आणि पायरीवरच माझा फोन नंबर स्वतःच्या डायरीशी पडताळून पाहिला. त्या रविवारी घरच्या रिंगा माझ्या नंबरवर यायच्या होत्या. "दोनदा वाजंल नं, कोणी हात लावायचा नाही बरं," असं तिघांनाही बजावून झालं. शनिवारी त्यांनी तर्री-पोहे केले. किती दिवसांनी आम्ही चौघं मराठीतून भांडलो! शकीलने ट्रेनिंगमधल्या सरांची नक्कल केली तेव्हा वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि लगेच म्हणाल्या, "इतकं हसू आलं की मला भेव वाटते."

तिथे वसंतात एका रविवारी पहाटे सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे करतात, ती नेमकी हीच पहाट. पेपरात वाचून आम्ही आदल्या संध्याकाळीच आपापली घड्याळं पुढे केली होती, वहिनींनी तर सर्वांत आधी. चौघंही तारखांचे डॉक्टर, आम्ही कसले चुकतोय!

सकाळी साडेनऊला पुण्यात आठ वाजतात, हे वहिनींच्या डायरीत डिसेंबरपासून लिहिलेलं होतं. सव्वानऊलाच त्या फोनजवळ बसल्या. साडेनऊ झाले. फोन वाजला नाही. पावणेदहाला दिघेने फोनची वायर तपासली. दहाला वहिनींनी स्वतःच घरी फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. "माय तर संध्याकाळी घर सोडत नाही," त्या म्हणाल्या. सासूबाईंना त्या माय म्हणत. दवाखाना, अपघात, रिक्षा, सगळं आमच्याही डोळ्यांपुढे यायला लागलं. शकील कुजबुजला, "लाइट गेले असतील," आणि त्याचं त्यालाच पटलं नाही. वहिनी उठून खिडकीपाशी गेल्या आणि काचेवर बोटाने काहीतरी आकडे मांडत राहिल्या.

साडेदहाला फोन वाजला आणि मी पहिल्याच रिंगेला झडप घातली. काय बजावलं होतं ते डोक्यातून पार गेलं होतं. "हॅलो," म्हणालो. पलीकडून एक बारीक आवाज आला, "माझ्या आईला काय झालं?"

वहिनींनी रिसीव्हर ओढून घेतला. "गौरी, मी आहे गं. मी आई. काही नाही झालं मले." पण पोरीला ते खरंच वाटेना. आवाज इतका मोठा होता की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. हुंदक्यांमधून ती म्हणाली, "तू म्हणाली होतीस नं, वाईट झालं तरच फोन उचलतील म्हणून? मी दर रविवारी देवाला सांगते, कुणी उचलू देऊ नको."

वहिनी खाली जमिनीवरच बसल्या. तिकडे आजींनी गौरीच्या हातून फोन घेतला. वेळ चुकली नव्हती, पुण्यात आत्ताच आठ वाजले होते. पोर दुपारपासून रिंगेचा घोर करते, जेवत नाही, म्हणून मार्चपासून त्या तिला आधी बागेत नेत आणि तिथून परस्पर बूथवर. तेव्हा कुठे दिघेने कपाळावर हात मारला. घड्याळं अमेरिकेने पुढे केली होती, पुण्याने नाही.

आम्ही तिघं सुटल्यासारखे हसलो. वहिनी हसल्या नाहीत. "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी तिला हे काम लावलं," एवढंच म्हणाल्या. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "तू उचलला म्हणून कळलं बापा. नाहीतर मी वर्षभर ठीक आहे, ठीक आहे, म्हणत बसली असती." दुपारच्या बसला त्यांना सोडायला गेलो, तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं.

पाचव्या आठवड्यात त्या पुण्याला परतल्या. घर त्यांच्याच पगारावर चाललेलं, कंपनीत नाराजी, आणि परदेशातलं काम मध्येच सोडणाऱ्याला पुन्हा कोण पाठवतं? पाठवलं नाहीच. आम्ही तिघं तिकडे मोठे झालो, वहिनी इथे इतरांचे प्रोग्रॅम तपासत राहिल्या. तेव्हा मला त्या घाबरट वाटल्या, हे कबूल करायला आज लाज वाटते.

नऊ वर्षांनी मी परतलो आणि एका संध्याकाळी हिंजवडीत कंपनीच्या बसेस लागतात तिथे त्या भेटल्या. केस पांढरे झालेले, नजर तशीच भिरभिरती. म्हटलं, वहिनी, तुम्ही वेळेवर आलात, बरं केलंत. त्यांनी मान हलवली. "आले, पण तिला अजून पटून नाही राहिलं. दहावी झाली, हातात मोबाइल आहे, तरी माझी बस येईस्तोवर खिडकीतून हलत नाही. दहा मिनिटं उशीर झाला की पांढरीफटक पडते."

मला खूप काही विचारायचं होतं. त्यांची बस सुरू झाली होती. "पुन्हा बोलू रे," त्या म्हणाल्या, "ती उभी असेल," आणि त्या गर्दीतून चक्क पळत सुटल्या.