रेल्वेसाठी सोडलेली पट्टी

आमच्या पेपरात रेल्वेची बातमी लागली की एकच फोटो लागतो. हिरव्यागार डोंगराच्या कुशीतून वळण घेत येणारी गाडी, खाली नदी, वर ढग. तो डोंगर कुठला, ती नदी कुठली, हे कार्यालयात कुणालाच माहीत नाही. मराठवाड्यातला तर नक्कीच नाही, कारण इतकं हिरवं आमच्याकडे दुकानातल्या कॅलेंडरावरच दिसतं. फोटोखाली बारीक अक्षरात 'संग्रहित' असं टाकलं की आपली जबाबदारी संपली. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या या कार्यालयात मी पानं लावते. म्हणजे बातम्या दुसरे लिहितात, मी त्या पानावर बसवते. तो फोटो इतक्यांदा बसवलाय की आता मला त्याचा वीट आलाय.

शहरातून नवी पांढरी गाडी सुरू झाली तेव्हा आम्ही अख्खं पान सोडलं होतं. इंजिनाला झेंडूच्या माळा, खिडकीत हसरे चेहरे, फलाटावर मोबाइल वर धरलेले हात. मग रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या आठवणी मागवल्या. त्या ढिगानं आल्या. खिडकीची जागा, मातीच्या कपातला चहा, शेजारच्या अनोळखी कुटुंबानं दिलेली पुरी-भाजी. लिहिणारे सगळे आरक्षणवाले. जनरल डब्यात संडासाच्या दाराशी पेपर पसरून बसलेल्या बाईची आठवण कुणी पाठवत नाही. पाठवली तरी आमचे साहेब ती बाजूला सारतात. "सकाळी चहाबरोबर लोकांना असलं नको असतं," म्हणतात. त्या बाईच्या बुडाखाली मात्र आमचाच पेपर असतो.

पण या पानांना आणखी एक वाचक असतो. तो बातमी चवीसाठी वाचत नाही, खरी मानून वाचतो आणि तिच्याप्रमाणे वागतो. असा एक वाचक आमच्या घरात होता, माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो.

आमचं वावर पाचोडजवळ. मी शाळेत होते तेव्हा एका पेपरात नकाशा आला, आमच्या भागातून रेल्वे जाणार म्हणून. काळ्या तुटक रेघेनं मार्ग दाखवला होता. रेघ सरळ येत होती, आणि 'पाचोड' या अक्षरांपाशी येऊन खालच्या अंगानं वळसा घेत पुढं गेली होती. दादांनी बाजाराच्या दिवशी हॉटेलात तो पेपर पाहिला, मालकाकडून मागून घेतला आणि घरी येऊन मायपुढं ठेवला.

"हे गाव. अन् गावाच्या खालच्या अंगाला कुणाचं वावर हाय?"

"आपलं," माय म्हणाली.

"मंग? गाडी आपल्यातून जाणार."

त्या वर्षी मोसंबीची बाग लावायची ठरली होती. मायच्या माहेरी बाग होती, तिनं लग्नापासून त्याचंच टुमणं लावलं होतं. बाग लागली, पण वावराच्या दोन्ही कडांना. मधली पट्टी दादांनी मोकळी सोडली. ती किती रुंद असावी हे कळावं म्हणून ते मुद्दाम संभाजीनगरला आले, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे, आणि स्टेशनात फलाटाच्या टोकाला उभे राहून रूळ बघून गेले. परत आल्यावर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी दगड मांडले आणि ते चुन्यानं रंगवले. दर दिवाळीला घराआधी त्या दगडांना चुना लागायचा.

बांधाशेजारच्या शेतकऱ्याचं डोकं वेगळं. त्यानं तोच नकाशा पाहिला आणि रेघ जिथून जाईल असं वाटलं तिथंच झाडं दाट लावली. सरकार झाडामागं मोबदला देतं, असा त्याचा हिशेब. दादांना ते पटलं नाही. "येणाऱ्याच्या वाटंत काटे पेरायचे व्हय? सरकारची गाडी हाय, आपल्या गावाला येतीय," असं म्हणायचे. शेजाऱ्याला मोबदला मिळाला नाही, पण मोसंबी मिळाली. आम्हाला काय मिळालं? गावात नाव मिळालं. आमच्या वावराला लोक 'टेसन' म्हणायला लागले. दादा पारावरून जाताना कुणीतरी हमखास विचारायचं, "दादा, गाडी लेट हाय का आज?" दादाही हसून हात हलवायचे, सिग्नल दिल्यासारखा. मला ते हसणं बघवत नसे.

त्या पट्टीवरून गाडी नाही, पण मेंढरं जायची. उन्हाळ्यात धनगरांचे कळप येत, सरळ मोकळी वाट दिसली की त्यातूनच निघत. दादा त्यांना अडवत नसत, फक्त दगड हलवू नका म्हणून सांगत.

मग पाण्याची ओढाताण सुरू झाली. जुनी विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवायला लागली. मायनं हट्टानं पाणाड्या आणवला. जमिनीखालचं पाणी दाखवणारा हा माणूस हातावर नारळ आडवा धरून सगळं वावर फिरला, आणि नारळ उभा राहिला तो नेमका पट्टीच्या मधोमध. पाणाड्याचं खरं की खोटं हे मला सांगता यायचं नाही. पण मायचा चेहरा उजळला होता, हे मी पाहिलंय.

"इथंच हिर पाडा," ती म्हणाली.

"रेल्वेच्या वाटंत हिर? उद्या बुजवायला लागंल. कामाला लागलेला पैसा मातीत."

"अन् झाडं?"

"झाडं जगतील तेवढी जगतील."

झाडं जगली नाहीत. आधी पानं पिवळी पडली, मग फांद्या वाळल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात मायनं स्वतः उभं राहून ती तोडायला लावली. सरपण पुष्कळ झालं. मला त्या वर्षी दादांचा फार राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पण दादांपेक्षा जास्त राग मला त्या रेघेचा येतो.

कारण पुढं मी याच धंद्यात आले आणि रेघ कशी काढतात ते पाहिलं. असाच एक नकाशा छापायचा होता. आमच्याकडचा चित्रकार संगणकावर सरळ रेघ ओढत आला आणि एका गावाच्या नावापाशी त्यानं ती खाली वळवली. मी विचारलं, इथं वळण का? तो म्हणाला, "सरळ घेतली तर नाव कापलं जातं. वाचायला यायला पाहिजे ना." एवढंच कारण. रेल्वेनं कुठून जावं, ते गावाच्या अक्षरांनी ठरवलं होतं.

मी सुट्टीला गेले तेव्हा दादांना हे सांगितलं. वाटलं होतं, माणूस खचेल. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल. पण मोजणीवाले बी पेपर वाचतच असतील की."

दरवर्षी अर्थसंकल्प जवळ आला की बातमी यायची. 'पाहणी लवकरच', 'पाहणी पूर्ण', 'फेरपाहणी होणार'. वर हिरव्या डोंगरातली गाडी, आणि त्याच पानावर खाली प्लॉटची जाहिरात, प्रस्तावित स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. बातमी वाचून जाहिरातीकडं डोळा जातो आणि जाहिरातीसाठी बातमीला जागा मिळते, हे कार्यालयात कुणी लपवतही नाही. ती पानं घेऊन शहरातले लोक मोटारीतून पाचोडला यायचे, रस्त्यात उभे राहून स्टेशन कुठं होणार विचारायचे. त्यांना दादा आमची पट्टी दाखवायला न्यायचे. ते लोक चुन्याच्या दगडांजवळ उभे राहून आपले फोटो काढायचे आणि निघून जायचे. दादांना चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडवत नसे.

यंदा उन्हाळा लागता लागता दादा गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना अक्षर दिसत नव्हतं, शेजारचा कुणीतरी पेपर वाचून दाखवायचा. आमच्याकडे माणसाला त्याच्याच वावरात अग्नी देतात. एका कडेला ज्वारी उभी होती, दुसरीकडं वाळकी झाडं तोडून पेरलेला हरभरा अजून काढायचा होता. मोकळी जागा एकच होती. सगळं गाव त्या दोन चुन्याच्या ओळींमधून चालत आलं. गाडी लेट हाय का विचारणाराही आला होता, टोपी काढून खाली बघत उभा होता.

दहावं झालं आणि मी कामावर परत आले. त्याच आठवड्यात पुन्हा बातमी लागली, मार्गाला गती मिळणार म्हणून. साहेब म्हणाले, फोटो आहेच, नकाशाही जुनाच घे. मी घेतला, पाचोडपाशी तसाच वळसा असलेला. पगार त्याचाच मिळतो.

रविवारी गावी गेले तर माय पेपर मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती. ती शाळेत चार इयत्ता शिकलेली, अडखळत का होईना वाचते.

"ही रेघ तीच का गं?"

"तीच."

तिनं रेघेवरून बोट फिरवत नेलं. मग म्हणाली, "इतकी वर्सं ये म्हणलो, आली नाय. झाडं गेली, हिर पाडायची राह्यली. आता तुझ्या सायबाला सांग, इथून नको म्हणावं. तिथं आपला माणूस जाळलाय. त्याच्यावरून गाडी नेऊ नका म्हणावं."

"साहेबाच्या हातात नाही गं माय ते."

"मंग कुणाच्या हातात हाय?"

"आम्हाला काय माहीत."

"माहीत नाय," ती म्हणाली, "तर छापता कशाला?"

पेपराची घडी करून ती आत गेली आणि तिनं चूल पेटवायला घेतली.