दिवा लागला की वहिनी चिडते

अँब्युलन्सच्या उघड्या बॉनेटमध्ये वहिनी कमरेपर्यंत बुडाली होती. बाहेरून दिसत होत्या फक्त तिच्या चपला आणि मागे पसरलेला हात. त्या हातावर पक्कड ठेवायला उशीर झाला की आतून शिवी यायची.

वहिनी ती एकाच नणंदेची, पण सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. सासऱ्यांचं हॉर्न-बॅटऱ्यांचं दुकान होतं. लग्न होऊन आली आणि स्वयंपाकघर सोडून त्या दुकानातच रमली. मुका हॉर्न उघडायचा, पोटात काय बिघडलंय ते बघायचं, त्याला बोलतं करायचं. शिकवणी कसली? चटके बसले तेवढे धडे झाले. हिला कुणी ‘जुगाडू’ म्हटलं तर समजावं, बोलणाऱ्याने जन्मात पक्कड धरलेली नाही.

अँब्युलन्स गल्लीची होती. गल्ली अरुंद, सरकारी गाडी चौकात येऊन अडायची, म्हणून लोकांनीच ही जुनी पेट्रोल व्हॅन उभी केली. चालवायची नणंद. आता गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर जळाला होता आणि कंपनीने हात वर केले होते. गल्लीच्या कमिटीने ठरवलं, आज संध्याकाळपर्यंत सुरू झाली तर गल्लीची, नाहीतर भंगाराची. भंगारवाल्याला धीर कुठला! तो दुपारीच दुकानाच्या फाटकात टेम्पो आडवा लावून मांडीवर दोरखंड घेऊन बसला होता.

वहिनीने बाहेरचा कॉम्प्युटर आणला होता, कुठल्याही इंजिनाला जुळवून घेता येईल असा. बाकी सगळं जोडून झालं होतं. राहिल्या होत्या चार कॉइल. कॉम्प्युटरचा इशारा आला की कॉइल क्षणभर वीज पोटात घेते, इशारा तुटला की प्लगला ठिणगी देते. इशारा तुटलाच नाही तर ती घेतच राहते, तापते, वितळते. अशाच एका फुटलेल्या कॉइलचा डाग सासऱ्यांच्या तळहातावर शेवटपर्यंत होता. म्हणून दुकानाचा नेम असा, की कॉइलचा फ्यूज काढून खिशात ठेवायचा आणि इशाऱ्याच्या वायरीला आधी कॉइलऐवजी छोटा दिवा लावायचा.

“अहो वहिनी, ऊन उतरलं,” कमिटीचे काका म्हणाले. “टाका तो फ्यूज, होऊन जाऊ दे!”

“तुमच्या दाढेला लावू का वायर? मग होऊन जाऊ दे!” वहिनी म्हणाली. “वन्सं, नुसती किल्ली फिरवा. स्टार्टर नको.”

नणंदेने किल्ली फिरवली. दिवा लख्ख पेटला.

गल्लीने एकच जल्लोष केला. कुणी शिट्टी मारली, काकांनी टाळी दिली. वहिनीचा चेहरा मात्र पांढरा पडला.

“बंद! बंद करा!”

“अगं, लागला की दिवा!” नणंद म्हणाली.

“तेच तर! इंजिन जागचं हललं नाही आणि हा पेटलाय. इथे कॉइल असती तर आत्तापर्यंत धूर निघाला असता.”

चूक तिचीच होती. लॅपटॉपवरची सेटिंग तिने मागच्या गाडीवरून जशीच्या तशी उचलली होती. त्या गाडीचा इशारा उलटा चालायचा, हिचा सुलटा. स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडून तिने सेटिंग फिरवली. पुन्हा किल्ली. दिवा लुकलुकला आणि विझला.

“आता झालं ना?” भंगारवाल्याने विचारलं.

“झालं काय? कॉम्प्युटर जागा होईपर्यंत झोपेत बरळला, दिसलं नाही? तेवढ्यात ठिणगी उडाली आणि माझं बोट पंख्यात असलं तर?”

तिने कॉइलची वीज किल्लीवरून सोडवली आणि रिलेवर, म्हणजे विजेनेच दाबल्या जाणाऱ्या खटक्यावर घेतली. रिलेची दोरी कॉम्प्युटरच्या हाती. तो नीट जागा झाला, तरच कॉइलला वीज. लोक उसासे टाकत होते, भंगारवाला दोरखंडाला गाठी मारत होता, आणि वहिनी प्रत्येक जोडावर टेप अशी गुंडाळत होती जशी तान्ह्याला दुपट्यात गुंडाळतात. मग पेट्रोल बंद ठेवून स्टार्टर मारला. दिवा टिकटिक करत लुकलुकला, स्टार्टर थांबताच गप्प झाला.

“शहाणा झाला!” वहिनी ओरडली. दिवा काढला, कॉइल जोडल्या, पेट्रोल उघडलं, खिशातला फ्यूज टाकला. “मारा!”

घर्र... घर्र... खट्. बॅटरी बसली.

सगळ्यांनी आपोआप टेम्पोकडे पाहिलं.

“बारा व्होल्टच ना रे तुझी?” वहिनीने विचारलं.

“वा! माझ्याच बॅटरीवर माझंच गिऱ्हाईक पळवणार?” असं म्हणत म्हणत तो केबल घेऊन आलाच. एवढा तमाशा पाहिल्यावर शेवट बघितल्याशिवाय कोण थांबेल?

दुसऱ्या फिरकीला इंजिनाने एक ठसका दिला, आणि मग असं गरजलं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. गल्ली नाचायला लागली. काका नणंदेलाच मिठी मारायला धावले.

“बंद करा!” वहिनीचा आवाज.

“आत्ता पेटली गं!” नणंद म्हणाली.

“बंद म्हणते ना!”

नणंदेने बंद केली. नाचणारे जागीच थिजले. वहिनीने एकेका कॉइलवर हात ठेवला. पहिली कोमट. दुसरी, तिसरी कोमट. चौथीवर हात जरा जास्तच रेंगाळला, तसे काका वाकून बघू लागले.

“कोमट,” वहिनी म्हणाली, आणि बॉनेट धाडकन आपटलं. “वन्सं, दवाखान्याच्या चढापर्यंत जाऊन या.”

“तुझा टेम्पो काढ रे फाटकातून!” काका भंगारवाल्यावर असे खेकसले, जणू त्याला बोलावणारे ते नव्हतेच.

टेम्पो कुरकुरत मागे सरला. अँब्युलन्स सायरन वाजवत त्याच्या नाकासमोरून निघाली.

“सायरन कशाला, वन्सं? पेशंट कुठाय?” वहिनी मागून ओरडली.

“कमिटीला ऐकू जाऊ दे!” खिडकीतून उत्तर आलं, आणि नणंदेने चढाला गियर बदलला.